जाळीतले केस

कोसमटोल्यातल्या बाया डोक्यावरचे केस इकडेतिकडे टाकत नाहीत. विंचरून झालं की फणीत अडकलेलं गुंतवळ बोटाला गुंडाळायचं, त्यावर थू थू करायचं आणि छपराच्या कवेलूखाली खोचून ठेवायचं. कधीतरी केस घेणारा फेरीवाला येतो आणि गुंतवळाच्या बदल्यात वाटी नाहीतर गंज, म्हणजे पातेलं, देऊन जातो. तोवर ते घराबाहेर जात नाही. आपले केस दुसऱ्याच्या हाती लागले की आपणच त्याच्या हाती लागलो, असं इथं मानतात. दिवसभर मोबाईलवर रील बघणाऱ्या बायाही मानतात. पण न्हाणीत डोक्यावरून पाणी घेताना जे केस वाहून जातात त्यांचं काय होतं, याचा विचार गावात कुणी केला नव्हता. एकट्या रुखमाबाईनं केला, आणि तोच तिला भोवला.

पूर्वी गावाचं सांडपाणी घरामागून निघून गल्लीत यायचं आणि तिथंच मुक्काम करायचं. डुकरं लोळायची, डास व्हायचे, शेजाऱ्याशेजाऱ्यांची भांडणं व्हायची. मग ग्रामपंचायतीनं घरोघरी पाइप टाकले. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी गावाच्या उताराला एका टाकीत जमायला लागलं. संडासाचं त्यात नव्हतं, त्याचे खड्डे ज्याच्या त्याच्या घरी. टाकीच्या तोंडाला लोखंडी जाळी होती. जाळीतून गाळलेलं पाणी पुढच्या टाकीत निवांत थांबायचं, गाळ खाली बसायचा, मग ते गिट्टी आणि वाळूच्या लांबट वाफ्यात शिरायचं. वाफ्यात कर्दळ होती. तिच्या मुळांमधून झिरपत पलीकडे जे पाणी निघायचं, त्याला ना वास ना फेस. त्या पाण्यावर बचत गटाच्या बायांनी वांगी, भेंडी आणि केळी लावली होती. मे महिन्यात अख्खं शिवार करपलं असताना गावाला हिरवी भाजी मिळाली ती इथूनच. बोटं चाटून खाणारे हेच लोक होते, एवढं ध्यानात असू द्या.

सगळं छान, पण जाळी रोज साफ करावी लागायची. केसांचा गुंता, शितं, साबणाचे तुकडे, सगळा बुळबुळीत लगदा हातानं ओढून काढायचा. हे काम कुणाला नको होतं. बैठकीत जो तो छताकडे बघायला लागला, तेव्हा रुखमाबाई म्हणाली, मी करते. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक आष्टीकडे दिलेली, घरात एकटीच. गावानं सुटकेचा श्वास सोडला आणि पुन्हा त्या टाकीकडे ढुंकून पाहिलं नाही.

उर्वशीचं घर उताराकडचं शेवटचं. निकेशची बायको, बारावी शिकलेली, पहिल्याच लेकराची आई. लेक रीना अजून वर्षाची व्हायची होती, जावळही काढलेलं नव्हतं. सकाळी तिला कडेवर घेऊन उर्वशी बागेत जायची. एकदा तिनं पाहिलं, रुखमाबाई जाळीतले केस चांगल्या पाण्यात धुऊन कर्दळीच्या पानांवर वाळत घालत होती. उर्वशीला हसू आलं. मोठमाय, हे काय करून राह्यली, असं तिनं विचारलं.

"बायाइचे केस हाय ना माय," रुखमाबाई म्हणाली. "उकिरड्यावर कसे फेकू? कोनाच्या पायाखाली आले तं माह्या जीवाले लागन."

वाळले की ती त्यांचे गोळे करायची आणि खताच्या रिकाम्या चुंगडीत भरून ठेवायची. फेरीवाला आला की बागेवरच्या चहासाठी एक मोठा गंज घ्यायचा, असं तिनं ठरवलं होतं. उर्वशीनंही मग कधीमधी बसल्या बसल्या दोनचार गोळे वळले. गावातल्या बायांचं गुंतवळ कुणी न सांगता कुणीतरी जपतं आहे, याचं तिला कौतुक वाटायचं. हे कौतुक चारचौघींना सांगून ठेवावं असं मात्र दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

भादव्यात धानाचे रोवणे आटोपले आणि गावात ताप आला. मुलं हुडहुडायची, तापायची, घामाघूम होऊन निवायची आणि पुन्हा तापायची. सुकरीचा नातू पडला, मग रीना पडली. आरोग्य खात्याच्या आशाताईंनी बोटाला टोचून पट्टीवर रक्त पाहिलं, पट्टीवर काही उमटलं नाही. गोळ्या देऊन त्या म्हणाल्या, पट्टी कधी चुकते, ताप परत आला तर चामोर्शीच्या दवाखान्यात नेऊन पुन्हा रक्त तपासा. ताप परत आला. उर्वशीची सासू भागीरथाबाई म्हणाली, पट्टीले सापडला नाई म्हणजे हा ताप पट्टीचा नाही. सासू करणीचं म्हणते आहे, हे उर्वशीला पुरतं कळलं होतं.

प्रवीण म्हणजे निकेशचा थोरला चुलतभाऊ, म्हणून उर्वशीचा भासरा. गावात ऑटो एकट्या त्याच्याकडे. माणूस वाईट नव्हता. अडलेल्या बाईला भर पावसात दवाखान्यात पोचवणारा, आणि वर भाड्याचं नावही न काढणारा. अशी माणसं एकदा का एखाद्या गोष्टीवर बसली की त्यांना उठवणं कठीण असतं, कारण त्यांच्या मनात पाप नसतं. तो ऑटो काढून एका देव अंगात येणाऱ्याकडे गेला आणि निरोप घेऊन आला. साऱ्या घरचं पाणी जिथं एक होतं, तिथं तुमचं दुखणं बसलं आहे, असं त्या देवानं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रवीण टाकीवर जाऊन झुडपाआड उभा राहिला. रुखमाबाई उकिडवी बसून जाळीतून लांब लांब केस ओढत होती आणि एकेक गुंता पानावर ठेवत होती. प्रवीणची बोबडीच वळली. तो तसाच उलट्या पावली गावात आला.

दुपारी रीनाचा ताप इतका चढला की अंगावरचं फडकं ओलं ठेवावं म्हटलं तर वाळून जायचं. उर्वशीनं निकेशला सांगितलं, आता वाट पाहायची नाही, प्रवीणभाऊजींना बोलवा, चामोर्शीला निघू. निकेश गेला तो आलाच नाही. मग गावाच्या मधल्या अंगानं माणसांचा आवाज यायला लागला. उर्वशीनं लेकराला कडेवर घेतलं आणि आवाजाकडे निघाली. वाटेतच तिला ती केसांची चुंगडी आठवली.

रुखमाबाईच्या घरापुढं सारं गाव जमलं होतं. चुंगडी ओसरीखाली उलटी केली होती आणि केसांचे गोळे अंगणभर पसरले होते. काळे होते, पिकलेले होते, मेंदीनं लाल झालेले होते. बाया लांबूनच बघत होत्या आणि प्रत्येकीचा हात आपसूक आपल्या अंबाड्याकडे जात होता. म्हाताऱ्या धुरपतानं आपला पांढरा गोळा ओळखला आणि मटकन खाली बसली. गोळ्यांमध्ये एक मऊसर, भुऱ्या केसांचा होता. भागीरथाबाईनं तो काडीनं पुढं ओढला आणि हे आमच्या रीनाचं जावळ, असं म्हणून कपाळ बडवून घेतलं.

रुखमाबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. जवळच बैलाचा कासरा पडला होता, अजून कुणी हातात घेतलेला नव्हता. तिच्या पुढ्यात बादली होती. जाळीच्या टाकीतलं काळपट पाणी, वर साबणाचा फेस, त्यात कुणाच्या घरची शितं. प्रवीणचं म्हणणं साधं होतं. हिनं करणीनं गाव बांधलं ते या पाण्यात, तर हेच पाणी हिनं प्यावं आणि रीनाचे केस वेगळे काढून द्यावेत. ते झाल्याशिवाय दवाखान्याची दवा लागू होणार नाही, म्हणून तोवर ऑटोही निघणार नाही. रुखमाबाई पुन्हा पुन्हा एकच वाक्य बोलत होती, बायाइचे केस हाय, फेकू नये म्हनून ठेवले. जितक्या वेळा ती ते बोलत होती तितके लोक मागं सरकत होते.

उर्वशीला सगळं माहीत होतं. त्यातले कितीतरी गोळे तिच्या बोटांनी वळलेले होते. सांगायचं म्हणून तिनं तोंड उघडलं आणि तेवढ्यात सुकरी बोलली, उर्वशीबी बसत होती ना तिच्यापाशी. डोकी वळली. निकेशनं गर्दीतून तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत एवढंच होतं की गप्प राहा. अशा वेळी बाजूनं बोलणारीला चेली म्हणतात, आणि चेलीला कुणी सोडत नाही. हे उर्वशी लहानपणापासून ऐकत आली होती. भीतीनं तिनं एक पाऊल मागं घेतलं.

पण खरी भीती ती नव्हती. खरी भीती ही की तिच्याच मनात आलं, आणि हे खरं असेल तर? रीनाला रोज ज्या पाण्यानं न्हाऊ घातलं ते सारं याच जाळीतून गेलं होतं. रोज सकाळी ती आपल्या पायांनी लेकराला त्या जाळीपाशी घेऊन जात होती. क्षणभर तिला वाटलं की खरं असावंच. एका म्हातारीनं एक बादली प्यायली आणि रीना बरी झाली, तर किती सोपं होतं सगळं. आईच्या मनात असं येतं. तिला नावं ठेवणाऱ्यानं आधी तापलेलं लेकरू कडेवर घेऊन बघावं.

एकानं बादली उचलली, दुसऱ्यानं रुखमाबाईची हनुवटी धरली. इकडे रीना मघापासून कण्हत होती ती एकदम गप्प झाली आणि तिची मान उर्वशीच्या खांद्यावर कलंडली. इथं उभं राहण्यात लेकरू जाईल, हे एवढंच उर्वशीला त्या क्षणी स्वच्छ कळलं. ती गर्दीत घुसली. भासऱ्यापुढं ती आजवर डोक्यावरचा पदर सोडून उभी राहिली नव्हती की त्याच्याशी थेट बोलली नव्हती. आता पदर कुठं गेला होता तिला ठाऊक नव्हतं.

"भाऊजी, हे केस म्या बी गुंडाळले," ती म्हणाली. "जाळीत अटकते ते काढा लागते, नाई तं पानी तुंबते. बागेवरच्या चहासाठी गंज घ्याचा होता. एवढंच हाय."

"मंग पोरीचा ताप काऊन उतरत नाई?" प्रवीणनं विचारलं. तो ओरडला नाही. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

"मले नाई माहीत," उर्वशी म्हणाली. "मलेबी भेव लागून राह्यलं."

मग तिनं खाली वाकून रीनाला रुखमाबाईच्या मांडीवर ठेवलं.

"इनं धरलं असन तं पोरगी आता इच्याच मांडीवर राहीन," ती प्रवीणला म्हणाली. "चामोर्शीपर्यंत. चाबी द्या."

हनुवटी धरणाऱ्याचा हात सुटला. रुखमाबाईनं मात्र लेकराला हात लावला नाही. दोन्ही हात तिनं वर, कानांपाशी धरले होते आणि मांडीवरच्या लेकराकडे ती असं बघत होती की उर्वशी ते तोंड जन्मभर विसरणार नाही. नोको माय, उचल, माह्या मांडीवर काही झालं तं, असं ती पुटपुटली. सारं गाव जिला भीत होतं ती म्हातारी एका तान्ह्या पोरीला भीत होती. उर्वशीनं तिचे हात धरून खाली आणले आणि लेकराभोवती ठेवले.

प्रवीणनं खिशातून किल्ली काढून निकेशकडे दिली. लोकांनी वाट सोडली. उर्वशीला वाटलं, आपलं बोलणं त्यांना पटलं. तिला बिचारीला तेव्हा काय कळणार होतं!

निकेशनं ऑटो पळवला. गावचं शेवटचं घर मागं पडलं, धानाच्या बांध्या सुरू झाल्या, आणि उर्वशीनं झडप घालून लेकरू आपल्या मांडीवर ओढून घेतलं. विचार करून नाही घेतलं, हात आपोआप गेले. पण गेले. रुखमाबाईच्या ते लक्षात आलं. ती सरकून कोपऱ्यात बसली आणि बाहेर बघत राहिली. उर्वशीला लाज वाटली आणि तरीही लेकरू परत द्यावं असं वाटेना. चामोर्शी येईपर्यंत ती रीनाच्या छातीकडे बघत होती.

दवाखान्यात पुन्हा रक्त घेतलं. मलेरिया निघाला, आणि तोही मेंदूपर्यंत चढणारा. अजून थोडा उशीर झाला असता तर आम्हीही काही करू शकलो नसतो, असं डॉक्टरीणबाई निकेशला तोडून बोलल्या. सलाईन लागलं, सुया झाल्या, उर्वशीच्या डोळ्याला डोळा नाही. रुखमाबाई बाहेर व्हरांड्यात भिंतीशी बसून होती. आत बोलावलं तरी येत नव्हती, दारातूनच खाटेकडे बघायची आणि मागं फिरायची. उर्वशीनं तिला आपल्यासाठी आलेली भाकर नेऊन दिली आणि ऑटोतल्या त्या गोष्टीबद्दल माफी मागायचा प्रयत्न केला. रुखमाबाई म्हणाली, आई हायस तू, मी बी तेच केलं असतं.

मग एका सकाळी रीनाचं अंग निवलं ते निवलेलंच राहिलं. संध्याकाळपर्यंत ती खाटेवर बसून पाव चोखायला लागली. उर्वशी रडली, निकेश रडला. व्हरांड्यात रुखमाबाईनं कुठल्याशा देवाला हात जोडले. आता सगळं मिटलं, असं उर्वशीच्या मनात आलं आणि तिनं सासूला फोन लावला.

भागीरथाबाईलाही रडू आवरेना. उर्वशीनं तिला मलेरियाचं सांगितलं, पट्टी चुकली होती ते सांगितलं, सलाईनचं सांगितलं. हो हो, तेबी हाय, असं सासू म्हणाली आणि मग मोकळेपणानं बोलायला लागली.

"पाह्यलंस ना, मांडीवर घेतलं तशीच सोडलं तिनं पोरीले. साऱ्या गावानं पाह्यलं. आता तिले घेऊनच ये. कोनी बोट लावत नाई, प्रवीणनं सांगतलं हाय. सुकरीचा नातू लय तापला हाय, धुरपताची नातबी पडली. साऱ्याइले एकेक करून मांडीवर घे म्हना. वाट पाहून राह्यले लोक."

उर्वशीच्या कानांत काहीतरी गरम ओतल्यासारखं झालं. आई, त्या लेकरांना आत्ताच इथं आणा, उद्याची वाट पाहू नका, असं ती जीव तोडून सांगत राहिली. आणू की, सासू म्हणाली, आधी तिले येऊ दे.

फोन बंद करून ती तशीच उभी राहिली. रीना मेली असती तर रुखमाबाईनं खाल्ली असती. रीना जगली, तर रुखमाबाईनं सोडली. दोन्हीकडून ती धरणारीच ठरली होती, आणि ते पक्कं केलं होतं उर्वशीनंच, भर अंगणात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तिच्या मांडीवर लेकरू ठेवून. गावाचा राग गेला होता. त्याच्या जागी विश्वास आला होता, आणि तो रागापेक्षा भयंकर होता. आता लेकरामागून लेकरू त्या मांडीवर येणार, दवाखान्याऐवजी येणार. एकाला उतार पडेल, दुसऱ्याला पडेल. एखाद्याला पडणार नाही. तेव्हा तो कासरा कुणीतरी उचलणार.

तिनं निकेशला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तुम्ही ऑटो घेऊन एकटेच जा, आशाताईंना सोबत घ्या, सुकरीच्या पाया पडा, पण त्या पोरांना घेऊन या, असं ती म्हणाली. निकेशचं तोंड उतरलं, पण तो निघाला. ठाण्यावरून जातो आधी, एवढंच तो बोलला.

ऑटोचा आवाज ऐकून रुखमाबाई लगबगीनं उठली. फोनवर गावाचं बोलणं चाललंय एवढं तिनं ऐकलं होतं. पिशवी काखेत मारून, पदर नीट करून ती उर्वशीपुढं येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा फुलला होता.

"बलावलं ना मले?" तिनं विचारलं. "मले वाटलं आता गाव गेलं माह्यं."

उर्वशीनं तिचं मनगट धरलं. बस मोठमाय, जायचं नाही, असं ती म्हणाली. रुखमाबाई फाटकातून बाहेर पडणाऱ्या ऑटोकडे बघत होती आणि हात सोडवून घ्यायला बघत होती. काऊन वं, आता तं कोनी काही करत नाई ना, असं ती परत परत विचारत राहिली. उर्वशीनं दोन्ही हातांनी ते मनगट आणखी घट्ट धरलं.